सोळा एमबीत न मावणारी घाण

वरच्या मजल्याचा मैल्याचा पाइप फुटला होता आणि निवृत्त हेडमास्तरांच्या स्वयंपाकघरात, बाकी सगळी जागा सोडून नेमका शेगडीवर, थेंबथेंब गळत होता. थेंबांचा रंग सांगण्यासारखा नव्हता आणि वास सांगावा लागत नव्हता. तीन दिवस नवराबायको बाहेरच्या खोलीत कोरडा पाव चावत बसली होती.

दुरुस्ती कार्यालयाचं म्हणणं एकच : गळतीचा व्हिडिओ चॅटवर पाठवा, सोळा एमबीच्या आत, आज पाचपर्यंत. नाहीतर तक्रार बंद.

हेडमास्तरांचा व्हिडिओ चार मिनिटांचा, दोनशे दहा एमबीचा. पहिलं मिनिटभर ते स्वतः कोट घालून बोलत होते.

"छोटं करायचं ॲप आहे ना? दाबा की त्याला," बायको म्हणाली.

दाबला. चौदा एमबी झाला. पण मैल्याचे नुसते तपकिरी चौकोन उरले. कार्यालयानं विचारलं, 'हा गालिचा आहे का?'

"मग थोडा कमी दाबा आणि काहीतरी कापा!"

हेडमास्तर कापायला बसले. गळती पडद्यावर आली की ते मान फिरवायचे. एक थेंब सावकाश फुगताना दिसला. त्यात काहीतरी होतं. त्यांनी डोळे मिटून तो तुकडा उडवला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. शेवटी उरलेला व्हिडिओ स्वच्छ, ठळक आणि बरोब्बर पंधरा एमबीचा निघाला. तो त्यांनी ऐटीत पाठवला.

उत्तर आलं, 'भाषण उत्तम. गळती कुठे आहे?'

"अहो, जन्मभर पोरांना मुद्द्याचं लिहा म्हणून छड्या मारल्यात ना?" बायकोनं फोन हिसकावला. नाक दाबून ती आत गेली आणि फोन थेट गळतीखाली धरला. सात सेकंद. तोंडातून शब्द नाही. शेवटच्या सेकंदाला थेंब भिंगावरच पडला आणि ऐसपैस पसरला.

सहा एमबी. न दाबता, न कापता गेला. पाचला चार मिनिटं कमी होती.

"धरा," म्हणून तिनं फोन नवऱ्याच्या हातात कोंबला आणि हात धुवायला पळाली.

लगेच उत्तर आलं, 'शी! मी खात होतो हो. माणूस निघालाय.'

"बघ, प्रस्तावना नव्हती म्हणून कसा तुटकपणे बोलला," हेडमास्तर म्हणाले आणि गालाखाली हात टेकवून विचारात पडले. मग त्यांच्या लक्षात आलं, की फोन अजून कुणी पुसलेला नाही आणि हात तोच आहे.