पाणी मारलेली गुंडाळी

मित्रांनो, जवळ येण्याआधी हात पुसून घ्या. पुसलेत? दाखवा पाहू. रागावू नका. मी तांब्याच्या तारेची एक जुनी गुंडाळी आहे आणि ओल्या हातांचा मला फार जुना धसका आहे. अमरावतीच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, फुटक्या भिंगांच्या शेजारी मी बसलेली असते. काचेतून मला सगळं दिसतं. परवापासून तुम्ही टेस्ला कॉइल करायला घेतली आहे. नळीवर बारीक तार गुंडाळताय, मध्येच गप्पा मारताय, आणि एक वेढा दुसऱ्यावर चढला तरी 'चालतंय की' म्हणून पुढे जाताय. चालत नाही बरं! त्या चढलेल्या वेढ्यातूनच ठिणगी आतल्या आत पळते, आणि मग तुम्ही तार विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडता.

तुमची टेस्ला कॉइल माझ्या नात्यातलीच, पण माझ्या खूप नंतर जन्मलेली. मी झाले तेव्हा वऱ्हाडात विजेचा दिवा कुणी पाहिलेला नव्हता. ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. दूर अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच्या मागोमाग लबाडीही आली. गाठोड्यात कुणी सरकी कोंबे, कुणी माती. पण वजन वाढवायला पाण्याइतकं सोपं काहीच नव्हतं. बाजारात त्याला 'पाणी मारणं' म्हणत. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून ओल चाचपत. पुढे तो शब्द कापसापुरताही राहिला नाही. कुणाचं बोलणं पटलं नाही, तरी लोक म्हणत, "पानी मारेल दिसते." जो तो शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेनं पाहू लागला.

अशा दिवसांत मला घडवलं मोरोपंतांनी. ते अमरावतीत मुलांना शिकवायचे, म्हणून गाव त्यांना पंतोजी म्हणे. माणूस हुशार, पण संशयी इतका, की तपकिरीच्या डबीत आतून शाईची रेघ ओढून ठेवलेली, चिमूटभर कमी झाली तर कळावी म्हणून! एका इंग्रजी पुस्तकात त्यांनी ठिणगी पाडणाऱ्या गुंडाळीचं चित्र पाहिलं आणि ते झपाटल्यासारखे झाले. अशी गुंडाळी स्वतःच्या हातानं करायची आणि अकोल्याच्या शाळेत चारचौघांपुढे चालवून दाखवायची, असं त्यांच्या मनानं घेतलं.

माझा गाभा लोखंडाचा आहे, पण सबंध कांबीचा नाही. पंतांनी आधी कांब घालून पाहिली, ती नुसती तापत राहिली. मग त्यांनी लोखंडाच्या बारीक तारांची जुडी बांधली. तिच्यावर जाड तारेचे थोडे वेढे आले, त्यावर मेणात भिजवलेला कागद, आणि त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. प्रत्येक थरानंतर पुन्हा मेणकागद. बारीक तार उघडी चालत नाही. वेढ्याला वेढा भिडला की सारी मेहनत वाया. तुमच्या तारेवर आयतं रोगण येतं. माझ्या तारेवर सूत गुंडाळायचं होतं, अगदी बारीक आणि एकसारखं.

ते सूत मैनाबाईंचं. नांदगावच्या वाटेवरच्या एका खेड्यातली ही कुणबी बाई दर बाजारी अमरावतीच्या सूतबाजारात लडी घेऊन बसायची. तेजीत घराघरांतला कापूस मुंबईकडे गेला, चरखे बंद पडले. मैनाबाईंनी मात्र नवऱ्याशी, नत्थुजींशी, भांडून घरच्या वावरातला थोडा कापूस मागे ठेवला होता. शेत नवऱ्याचं, बैल सासऱ्याचे, पण सूत तिचं स्वतःचं होतं. कोष्टी तिची लड उचलून, न बघता झोळीत टाकत. या विश्वासाचा तिला फार अभिमान होता. पंतांच्या ओसरीवर बसून तिनं माझी सगळी तार सुतानं मढवली. तिची बोटं फिरत असताना मला पहिल्यांदा वाटलं, की आपण नीट घडतोय.

मी पहिल्यांदा चालले ती दुपार अजून आठवते. मोरचुदाच्या पाण्यात तांब्याचे आणि जस्ताचे पत्रे उभे केले, तार जोडली, आणि वीज सारखी जोडणारी-तोडणारी माझी छोटी हातोडी टर्र टर्र करू लागली. दोन टोकांमध्ये निळी ठिणगी कडाडून उडाली. पंतांची बायको रमा दारामागून "अगं बाई!" म्हणाली. मैनाबाई तर हसतच सुटल्या. मलाही माझं फार कौतुक वाटलं.

पण संशयी माणसाला सुख पचत नाही. शेजारी कमलाकांत नावाचे दुसरे शिक्षक राहत. ते एकदा सहज म्हणाले, "पंत, तुमची टरटरी एकदा जवळून पाहू द्या की!" झालं. हा आपली युक्ती चोरणार, असं पंतांच्या डोक्यात बसलं. बाहेरच्या कुणाचा पाय जिथं लागत नाही अशी घरात एकच जागा होती. त्यांनी मला उचलून देवघरात, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. माझा सर्वांत वरचा थर तेव्हा मेणात बुडवायचा राहिला होता. सुताचे वेढे कसे शोभून दिसतात, म्हणून तो त्यांनी उघडाच ठेवला होता. मित्रांनो, शोभेसाठी वरचा थर कधी उघडा ठेवू नका.

थोड्याच दिवसांत माझी ठिणगी मंद झाली, मग उडेनाशी झाली. पंतांनी तपासणी मात्र शहाण्यासारखी केली, तीही शिकून घ्या. आधी त्यांनी मोरचुदाचं विजेचं भांडं पाहिलं, जस्ताचा पत्रा घासून घेतला. मग हातोडीच्या टोकावरची काजळी खरवडली. हातोडी छान वाजत होती. म्हणजे दोष पुढे, बारीक तारेत. पडदा ओढून त्यांनी पाहिलं, तर बाहेर ठिणगी नाही आणि सुताखाली मात्र निळसर झाक पळतेय. जळक्या कापसाचा वास त्यांच्या नाकात गेला.

"ओल आहे आत," ते म्हणाले. आणि लगेच पुढचं बोलले, "पाणी मारलंन मैनाबाईनं!"

निदान बरोबर होतं. गुन्हेगार चुकला होता. मी ओरडून सांगितलं असतं हो, पण टर्र यापलीकडे मला शब्दच नव्हता. त्यांनी रमाला विचारलं नाही, मला उकलून पाहिलं नाही. बाजाराच्या दिवशी ते तडक सूतबाजारात गेले आणि साऱ्या कोष्ट्यांसमोर म्हणाले, "मैनाबाई, सुताला पाणी मारलंस तू. माझी सगळी मेहनत मातीत घातलीस!" हे रमाला सांगताना त्यांचा आवाज चढलेला होता, म्हणून मला कोनाड्यात ऐकू आलं. कोष्ट्यांनी हातातल्या लडी खाली ठेवल्या, हेही त्यांनी सांगितलं, आणि मोठ्या समाधानानं सांगितलं.

पुढच्या बाजारी मैनाबाई सूतबाजारात बसल्या नाहीत. त्या सरळ पंतांच्या ओसरीवर आल्या.

"पंतोजी, थे गुंडाळी आना अन् माह्या डोऱ्यादेखत उकला."

"उकलून काय होणार? ओल आहे, हे मी वासावरून सांगितलंय."

"मले बाजारात कोनी पुसून नाही राहिलं. बाया तोंडावर म्हनून राहिल्या, थे पाहा पानी मारनारी आली. माह्याजोळ दुसरं काय हाये, पंतोजी? उकला. खोट निंघाली त पुन्हा तोंड नाही दाखवत."

पंत घुटमळले. तेव्हा दारामागून रमा म्हणाली, "उकला ना. नाहीतरी अशी ती काय कामाची?"

मला ओसरीवर आणलं. पंत एकेक वेढा सोडू लागले आणि मैनाबाई सुटलेली तार धरून बसल्या. वरच्या थरातलं सूत दमट होतं, काळवंडलेलं होतं, आणि त्याखाली तांब्यावर हिरवा कळंक चढला होता. पंतांनी 'पाहिलंस?' अशा नजरेनं वर बघितलं. पण रमा पुढे वाकली होती. सुतावर तांबडे-पिवळे ओघळ होते.

"अहो, हे तर हळदकुंकू आहे," ती म्हणाली. "हे इथं कुठून आलं?"

"कुठून म्हणजे?" आतून पंतांच्या आत्या आल्या, ताराआत्या. त्या अगदी सरळपणे म्हणाल्या, "देवांना न्हाऊ घातलेलं पाणी आहे ते. तू शाळेत गेलास की मीच तुळशीच्या पानानं रोज शिंपडते. परक्या जातीच्या बाईच्या हातचं गुंडाळलेलं तू आणून देवाशेजारी ठेवलंस. मग शुद्ध नको करून घ्यायला?"

पंतांचे हात आपोआप पुढचे वेढे सोडत राहिले. पहिला मेणकागद निघाला आणि त्याखालचं सूत पांढरंशुभ्र, कोरडं निघालं. त्याखालचा थरही तसाच होता.

मैनाबाईंनी ते सूत बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे पानी मी नाही मारलं. माहा हात लागला म्हून तुमच्याच घरानं मारलं."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. तिच्यावरचा खोटा आळ जाता जाता दुसरंच काहीतरी तिच्या पदरात पडलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"चुकलो मी," पंत हळू म्हणाले. शेजारी कमलाकांतांना ऐकू जाऊ नये, म्हणून त्यांनी आधी दार लोटून घेतलं होतं.

"इथं काहून सांगता? इथं त कोनीच नाही. बाजारात बोलले थे बाजारातच सांगा."

"सांगतो. येत्या बाजारी नक्की सांगतो."

तिनं ते खरं मानलं आणि पुन्हा कामाला बसली. जळलेली तार तोडून नवी जोडली, तिच्यावर सूत चढवलं. रमानं तिच्याशेजारी बैठक मारली आणि तारेचं दुसरं टोक धरलं. ताराआत्या आत निघून गेल्या. या वेळी वरचा थरही मेणात नीट बुडवला. मी पुन्हा पहिल्यासारखी कडाडले.

येत्या बाजारी मात्र पंत मला गवतात बांधत होते, कारण अकोल्याची गाडी ठरली होती. अकोल्यात मोठी शाबासकी मिळाली. एकानं टेबलाखाली माणूस लपलाय का ते वाकून पाहिलं, एकजण भानामती म्हणून उठून गेला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. पंतांना मेजवान्या झाल्या, मुक्काम लांबत गेला. टाळ्या मलाही आवडतात, पण त्या वेळी गोड लागल्या नाहीत. इकडे किती बाजार उलटून गेले, ते पंतांच्या ध्यानातही नव्हतं.

परतताना आमची गाडी सूतबाजारावरूनच गेली आणि बाजाराचाच दिवस होता. मैनाबाई एका टोकाला बसल्या होत्या, समोर लडींचा ढीग होता आणि गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पंतांनी गाडी थांबवली. मला छातीशी धरून ते खाली उतरले आणि खरोखर मोठ्यानं म्हणाले, "ऐका हो! मैनाबाईंचं सूत कोरडं होतं. पाणी माझ्या घरात लागलं. मी खोटं बोललो."

लोकांनी ऐकलं. "बरं झालं बाप्पा," कुणी म्हणालं. तिचं सूत वर्षानुवर्षं घेणारा एक म्हातारा कोष्टी उठून आला. त्यानं लड उचलली. झोळीत टाकण्याआधी ती त्यानं गालाला लावून पाहिली, ओल आहे का म्हणून. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मान हलवून त्यानं लड घेतली. मग दुसरी बाई आली. तिचा हात पुढे येण्याआधीच मैनाबाईंनी स्वतः लड उचलली आणि तिच्या गालाशी धरली.

"पाहून घे माय. कोरडं हाये."

मित्रांनो, नंतर माझी हातोडी गंजली, नवी यंत्रं आली, आणि मी कपाटात गेले. त्याचं मला फारसं दुःख नाही. तुमच्याकडे एवढंच मागते. गुंडाळी कोरडी ठेवा, वेढे शेजारी शेजारी घाला, मोठं माणूस जवळ असल्याशिवाय वीज जोडू नका, आणि ठिणगी नाही उडाली तर कुणाचं नाव घेण्याआधी गुंडाळी उकलून पाहा. नाव घेऊन मग उकललंत, तरी तार जोडता येईल. पण ज्याचं नाव घेतलंत, ते माणूस पुढे दर गिऱ्हाइकाच्या गालाशी स्वतःच लड धरत बसेल.