शिशाच्या पट्ट्याला बांधलेला दोरा

मित्रांनो, मी एक जुना, जाड, शिशाची वजनं ओवलेला कमरपट्टा आहे. माझी कहाणी ऐकण्याजोगी आहे, पण आमचं कपाट बघायला येणारा प्रत्येक जण शेजारच्या काचेच्या मुखवट्याकडेच बघतो.

ठाण्याचे प्राध्यापक हरिहरपंत खाडीच्या तळाशी वाढणाऱ्या कालवांचा अभ्यास करत. पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र त्यांनी परदेशातून मागवलं. मुखवटा मुंबईच्या मोठ्या दुकानातून आला, कापसात गुंडाळून. मी मात्र लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं सामान विकणाऱ्याकडे, फाटक्या बुटांखाली सापडलो. माणूस तळाशी टिकावा म्हणून शिसं नंतर लावलं, तेही कोळ्यांच्या जुन्या जाळ्यांचं.

"एका हातानं सुटतो का हो?" पंतांच्या पत्नी वासंतीबाईंनी विचारलं.

तो सामान विकणारा हसला. "बाई, लोक घट्ट बसणारा मागतात!"

"बसू दे घट्ट. पण पाण्यात दम कोंडला तर झटकन टाकून वर येता आलं पाहिजे."

म्हणजे बघा! मुखवटा घेतला जपायला आणि मला घेतलं टाकायला. तेव्हापासून मी जळतो आहे. शिसं लवकर वितळतं, म्हणून बेतानं जळतो.

खाडीच्या गढूळ पाण्यात मुखवट्याला स्वतःचं नाकसुद्धा दिसत नसे. तरी खंडेनवमीला पंतांच्या आई गोदूबाईंनी त्याला झेंडूचा हार घातला. मी पाटाखाली. शेवटी त्यांची नजर गेली.

"अगं बाई, हा राहिलाच की! माझ्या हरीला तळाशी हाच सांभाळतो ना?"

त्यांनी माझ्या बकलाला लाल दोरा बांधला, गाठीवर गाठ मारून. पंतांनी पाहिलं, पण आईनं बांधलेला दोरा सोडायचा कसा? मी फुगलो. हार सुकतो, दोरा टिकतो.

दोरा फारच टिकला. पुढच्याच बुडीत तळाशी हवा यायची थांबली. पंतांचा हात बकलावर आला. बकल सुटेना. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून म्हणालो, टाका हो मला! कालवं खरवडायच्या सुरीनं त्यांनी कसाबसा दोरा कापला. ते वर गेले, मी चिखलात. मुखवटा अर्थातच त्यांच्याबरोबर वर.

नावाडी परशुरामनं आकडा टाकून मला बाहेर काढलं. गोदूबाई माझ्याकडे बघून रडल्या. "वासंती, मीच बांधला गं तो."

"आई, हळदकुंकू वाहा हवं तेवढं. गाठ मात्र नको."

मित्रांनो, पाण्यात उतरायचं सामान घ्याल तेव्हा ते बसतं कसं हे बघाच, पण सुटतं कसं हे आधी बघा. आणि जमलं तर त्या मुखवट्याला खालच्या फळीवर ठेवा.