आंबिया अडवला त्या वर्षी

मी एक जुनं संत्र्याचं झाड आहे. काटोलजवळच्या एका मळ्यात जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा बांधून माझं कलम केलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. मित्रांनो, थंडी सरत आली की आम्हाला फुलायला कोणी सांगावं लागत नाही. त्या बहाराला आंबिया म्हणतात. पांढऱ्या फुलांनी फांद्या भरतात आणि वास बांधापलीकडे जातो.

दर माघात पारशिवनीहून जागेश्वर मधमाश्यांच्या चाळीस पेट्या घेऊन यायचा. पेट्या माझ्या सावलीत मांडायचा आणि माश्यांशी पोरांशी बोलावं तसं बोलायचा. एकदा मळ्याचे मालक शरच्चंद्र यांनी भर फुलोऱ्यात विषारी औषध मारलं आणि बऱ्याच माश्या मेल्या. दोन व्यापारी बाग पाहायला आले होते. त्यांच्यासमोरच जागेश्वर म्हणाला, की या मळ्यात माश्या मरतात. मालक तेव्हा नुसते हसले.

पुढच्या वर्षी मालकांना पावसाळ्यातला मृग बहार हवा होता. त्यासाठी आंबिया अडवायचा होता. हिवाळ्यातच त्यांनी आमच्यावर संजीवक फवारलं. झाडाच्या अंगात असतं तसलंच ते द्रव्य, पण बाहेरून पडलं की कळी धरतच नाही, नुसती पालवी फुटते. मला दुखलं नाही. फुलायची वेळ आली आणि मी हिरवंच राहिलं, एवढंच.

जागेश्वरचा फोन आला तेव्हा मालक माझ्याच बुंध्याशी उभे होते. बहार कसा आहे, असं त्यानं विचारलं असावं.

मालक म्हणाले, "ये ना गा. बाग तुही वाट पाहून राहिली."

तो पेट्या घेऊन आला. एकही कळी नाही हे पाहून थबकला. मालकांनी सांगितलं की थंडी लांबली आहे, आठ दिवसांत फुलं दिसतील. त्याच दिवशी त्याची आई, यमुताई, नागपूरच्या दवाखान्यात भरती झाली. त्यानं पेट्यांकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निश्चिंत जा म्हणाले. काही कमीजास्त वाटलं तर ते फोन करणार होते.

मित्रांनो, सभोवार कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या होत्या, फूल कुठेच नव्हतं. माश्या पहाटे निघायच्या, माझी कोवळी पानं हुंगायच्या आणि रिकाम्या परतायच्या. सहाव्या दिवशी त्या पेटीच्या दाराशी रांगू लागल्या. मालक रोज सकाळी तिथवर यायचे, वाकून पाहायचे आणि परत जायचे. फोन त्यांच्या खिशातच असायचा.

बाराव्या दिवशी जागेश्वर आला. त्यानं एकेक पेटी उघडली. मेण कोरडं होतं आणि माश्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेल्या होत्या. शेवटचा थेंब शोधताना मेल्या. साखरेचं पाणी ठेवलं असतं तरी जगल्या असत्या.

"बहार अडवला हे मले काहून नाही सांगितलं?" त्यानं विचारलं.

मालक शांतपणे म्हणाले, "तूच सांगितलं होतं ना चारचौघांत, माह्या मळ्यात माश्या मरते म्हणून? घे, झालं तुहं खरं."

जागेश्वर पेट्यांपाशी खाली बसला. त्यानं माश्या ओंजळीनं काढून माझ्या मुळाशी पुरल्या. दुपार झाली, तरी त्याचे हात थांबले नाहीत. त्या पेट्या पुढे त्यानं मोडीत काढल्या, असं गडी सांगत होते. आता तो एका सिमेंटच्या गोदामात पोती उचलतो.

मृगात मी मनसोक्त फुललं. फळंही चांगली धरली. व्यापाऱ्यांनी माझी पाठ थोपटावी तसा बुंधा थोपटला, मालकांनी माझ्यापाशी उभं राहून फोटो काढला. मला त्या कौतुकाची लाज वाटली, पण झाडाला मान खाली घालता येत नाही.

मित्रांनो, आम्हाला फुलवणं, अडवणं तुमच्या हातात आलं आहे. अडवायचं तर अडवा. पण आमच्या भरवशावर जो कोणी घरून निघाला असेल, त्याला तेवढं खरं सांगा.