बिनमापाची कोरणी

धातूवरच्या कोरीवकामाच्या वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यातही शिंपीणकाकूंची रेघ थरथरत होती. लाखेच्या ठोकळ्यावर बसवलेल्या तांब्याच्या पट्टीवर सुरुवात झकास व्हायची. मग कोरणीचं टोक डगमगायचं, घसरायचं आणि नको तिथे ओरखडा काढून मोकळं व्हायचं.

ओरखड्यांचं काकूंना काही नव्हतं. पण त्यांच्या वडिलांचे हात पंचावन्नाव्या वर्षी थरथरायला लागले होते. आधी फक्त सही करताना. पुढे पुढे कपही धरवेना. काकूंना गेल्याच महिन्यात पंचावन्नावं लागलं होतं.

"ताई, डॉक्टरकडे जाऊ या," शेजारच्या बाकावरून धाकटी बहीण कुजबुजली. वर्गात दोघींनी एकत्रच नाव घातलं होतं, आणि धाकटीची रेघ सरळ जात होती.

"तू तुझ्या पट्टीकडे बघ. माझ्या हाताला काय झालंय ते मला ठाऊक आहे."

"काय झालंय?" मास्तर मागेच उभे होते.

काकूंनी एकदाचं सांगून टाकलं.

"सुईत दोरा ओवता येतो?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या फटक्यात."

"मग जरा कोरणी धरा बघू."

काकूंनी कोरणीची लाकडी मूठ तळव्यात दाबली, अंगठा पट्टीवर टेकवला. अंगठ्याच्या पुढे पातं चांगलं चार बोटं बाहेर आलं होतं. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"पहिल्या दिवशी कुठे होता तुम्ही?"

"एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता."

"अहो, त्या दिवशी मी एकेकाच्या तळव्याचं माप घेऊन कोरण्या कापल्या. तुमची तशीच राहिली. जन्मभर लोकांची मापं घेतलीत बाई, आणि स्वतःच्या हातात बिनमापाचं हत्यार? असल्या लांबड्या कोरणीवर माझाही हात डगमगेल!"

धाकटी फिस्सकन हसली. मास्तरांनी मूठ काढली, पात्याचा मागचा तुकडा मोडला, मूठ पुन्हा ठोकून बसवली. आता टोक अंगठ्यापुढे जेमतेम बोटभर उरलं.

काकूंनी श्वास रोखून कोरणी रेटली. तांब्याची बारीक तार वळत वळत वर आली. रेघ थेट कडेपर्यंत गेली.

मास्तरांनी पट्टी उजेडात धरली. "थरथर नाही कुठे. पण चांगलीच वाकडी आहे."

"नुसती वाकडी ना?"

"नुसती वाकडी. सगळ्यांची असते सुरुवातीला."

"ऐकलंस का गं?" काकू अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात धाकटीला म्हणाल्या. "नुसती वाकडी आहे!"

त्या दिवशी त्यांनी आणखी अकरा रेघा ओढल्या. सगळ्या वाकड्या.