मामाने साबण सोडला

"ताई, तो साबण माझ्यापासून लांब ठेव!" मामा न्हाणीघरातून ओरडला.

"लांबच आहे रे तो. आठवडाभर आम्हाला कळतंय ते," आई नाक मुरडत म्हणाली.

मी दप्तर भरता भरता खो-खो हसले. हसू नको तर काय करू? माझा मामा लाँड्रीत इस्त्री करतो. जगाचे कपडे कडक करून देणारा माणूस, आणि स्वतः नुसतं पाणी ओतून बाहेर येत होता!

ही अक्कल पैलवानाची. पैलवान म्हणजे लाँड्रीत गाठोडी उचलणारा मामाचा दोस्त. कुस्ती त्याने जन्मात खेळली नसेल, पण ज्ञान विचाराल तर तालीमभर. त्याचं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं ब्रह्मचर्य पाळलेल्या पुरुषाच्या अंगाला एक खास वास सुटतो. बाईला तो कळत नाही, पण तिचे पाय आपोआप त्याच्याकडे वळतात. साबण लावला की सगळं गटारात! त्या हिशेबाने मामाकडे कोठारच भरलेलं होतं.

बरं, मामाला स्वतःलाच हुंगून बघता आलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण डाग काढायच्या औषधांनी त्याचं नाक कधीच कामातून गेलंय. दूध करपलं तरी धूर दिसल्यावर त्याला कळतं.

आणि हे सगळं कुणासाठी? रफूवाल्या बाईंसाठी. त्या लाँड्रीतच मामाजवळच्या टेबलावर बसून फाटके कपडे सांधतात. एकट्या राहतात. हसल्या की आधी डोळे हसतात.

"आज विचारतो त्यांना," मामा भांग पाडत म्हणाला आणि निघून गेला.

आईचं हसू मावळलं. "तुझे बाबा गेले तेव्हा तू कडेवर होतीस," ती मला म्हणाली. "दोन दिवसांसाठी आलेला हा इथेच राहिला. स्वतःचं लग्न मागे टाकत गेला ते गेलाच. आज त्या नाही म्हणाल्या ना, तर पुन्हा जन्मात कुणाला विचारायचा नाही. मी ओळखते त्याला."

त्या दिवशी शाळा अर्धीच होती. मी मामाचा डबा घेऊन लाँड्रीत पोचले. आत नुसती वाफ. मामा इस्त्री फिरवत होता. तेवढ्यात रफूवाल्या बाई उठल्या, मामाच्या पाठीमागे गेल्या, क्षणभर थांबल्या आणि परत येऊन बसल्या.

"बघितलंस?" पैलवान माझ्या कानाशी कुजबुजला. "सकाळपासून चौथी खेप. ओढ आहे ही, ओढ!"

"ओढ कसली, काका? मामाच्या मागे पंख्याचं बटण आहे. त्या पंखा वाढवतायत!"

पैलवानाचा चेहरा इस्त्री न केलेल्या चादरीसारखा झाला. मामा पुढच्या खोलीत कपडे द्यायला गेला तसा पैलवान बाहेर सटकला, आणि मी सरळ बाईंसमोर उभी राहिले. पूर्वी मी अशी नव्हते हं. यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझ्या जिभेला हाड राहिलेलं नाही.

"मावशी, मामाच्या अंगाला वास येतो ना?"

त्यांची सुई थांबली. "येतो गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्याचं काही नाही. मला काळजी वाटतेय. आधी कसा गरम इस्त्रीचा, स्वच्छ सुती कापडाचा वास यायचा. खरं सांगू? म्हणूनच मी टेबल इकडे सरकवून घेतलं. आणि आता हे असं. माणूस अंगाकडे बघेनासा होतो तो दुःखात असला की. घरी काही झालंय का?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी पैलवानाचं ज्ञान पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकलं. बाई तोंडावर हात दाबून हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि दारात मामा उभा! त्याने सगळं ऐकलं होतं. कानापर्यंत लाल. मला वाटलं, संपलं. आता हा मागच्या दाराने जाणार आणि पुन्हा कधीच विचारणार नाही.

"एवढी वर्षं जपलंत म्हणे," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

मामाने आत येऊन इस्त्रीची मूठ धरली. मग म्हणाला, "जपलं-बिपलं काही नाही हो. कुणी विचारलंच नाही. पैलवान त्याला ब्रह्मचर्य म्हणाला, तेव्हा जरा बरं वाटलं, एवढंच."

बाईंनी सुई कापडात खोचून ठेवली.

"मग मी विचारते," बाई म्हणाल्या. "उद्या माझ्या घरी जेवायला याल? अंघोळ करून. नीट, साबण लावून."

मामाने मान हलवली. दोनदा हलवली. मी धरून ठेवलेला श्वास इतक्या जोरात सोडला, की समोरचा कागद उडाला.

"आणि तो शर्ट काढा आधी. बगल उसवलीय. आधी पाण्यातून काढते, मग शिवते."

"राहू द्या हो, मी घरी…"

"काढा म्हटलं ना!"

मामाने शर्ट काढून दिला. भिंतीजवळ कुणीच न्यायला न आलेले कपडे टांगलेले असतात, त्यातला एक कोट बाईंनी पुढे केला. "तोवर हा घाला."

"नको," मामा म्हणाला. "गिऱ्हाइकाचं आपल्या अंगावर घालायचं नसतं."

शर्ट पाण्यातून निघून इस्त्रीखाली सुकला, तशी मी डबा ठेवून निघाले. दारातून वळून बघितलं. बाई खाली मान घालून शिवत होत्या. मामा बनियनवर, हात मागे बांधून, ताठ उभा होता. इतकी वर्षं त्याने गावभराच्या कपड्यांना इस्त्री केली. आज पहिल्यांदाच तो आपल्या शर्टाची वाट बघत होता.