रिकाम्या बाकावरची साक्ष

नवरा आजारी पडला तेव्हा अख्ख्या चर्चने प्रार्थना केली. तरी तो गेला. ‘हिचाच विश्वास कमी पडला,’ अशी कुजबुज झाली आणि माझ्या बाकावर बसायचं सगळ्यांनी सोडलं. जणू कमी विश्वास हा शेजारी बसल्याने लागणारा रोग!

काल साक्षीच्या वेळी लोक उठून आपापले चमत्कार सांगत होते. कुणाची गाठ विरघळली होती, कुणाचा मुलगा शुद्धीवर आला होता. प्रत्येकाला दणदणीत ‘आमेन’. माझं डोकं फिरलं. मी उठले.

“मी मागितलं ते देवाने दिलं नाही,” मी म्हणाले. “आता घरी एकच कप चहा टाकते. भांडायलाही देवच एक उरलाय. रोज भांडते आणि दर रविवारी त्याच्याकडेच येते. एवढीच माझी साक्ष.”



मग मीच म्हटलं, “आमेन.”