अह्यो पुढे चालत होता

शामलानं फोन स्पीकरवर टाकला आणि चिपळ्या टेबलावर आपटल्या. पलीकडे रमेश उजागरे बोलतच होता. मराठी ख्रिस्ती मंडळीचा तो सेक्रेटरी. आठवडाभर झुइडास या डच बँकवस्तीतल्या एका बँकेची प्रोजेक्टं हाकायची आणि रविवारी प्रभूचं काम, असा त्याचा शिरस्ता.

"सोळा महिन्यांनी आपण हॉलमध्ये भेटतोय, ताई. टोन जरा पॉझिटिव्ह हवा. विसरलेला कराराचा कोश दावीद राजा परत आणतो, नाचतो, सगळी प्रजा आनंद करते. रीओपनिंगला यापेक्षा चांगलं आख्यान नाही. फक्त ते उज्जाचं तेवढं आवरतं घ्या."

"आवरतं म्हणजे?"

"म्हणजे दोन मिनिटांत. लोक आधीच घाबरलेत. त्यात एकानं कोशाला हात लावला आणि जागच्या जागी मेला, हे कशाला?"

"उज्जाबद्दल तुम्ही एकदा बोलला होतात, रमेशभाऊ. आठवतंय?"

"मी? केव्हा बरं?"

त्यानं खरोखर आठवून पाहिलं. त्याला काही आठवलं नाही, आणि शामलाला तेच सहन होईना. शिवी देणारासुद्धा आपण शिवी दिली एवढं लक्षात ठेवतो.

एप्रिलमध्ये तिचा भाऊ नगरला करोनानं वारला. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या, करोना झालेल्या म्हाताऱ्या पोस्टमनला स्ट्रेचरवर घालून खाली नेत होते. जिन्यात स्ट्रेचर कललं. हा वरून पाहत होता, धावत गेला आणि म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी धरलं. म्हातारा बरा होऊन घरी आला. भाऊ अकराव्या दिवशी गेला. भारतातून येणारी विमानं त्याच आठवड्यात बंद झाली होती; गेली असती तर परत कधी येता आलं असतं कोण जाणे, म्हणून ती गेलीच नाही. माती देताना तिनं फोनवर पाहिलं. त्यानंतर मंडळीनं झूमवर सांत्वनाची प्रार्थना ठेवली, आणि तिथे रमेश म्हणाला, "उज्जाचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. हेतू चांगला, पण हात लावायचा नव्हता. नियम म्हणजे नियम." चोवीस चौकटींतल्या चोवीस माना हलल्या होत्या.

"मुद्दाम नाही बोलला गं तो," तिचा नवरा विश्वास तबल्याची वादी ओढत म्हणाला. "निघून गेलं तोंडातून."

"निघून गेलं ते कुठे गेलं? माझ्याकडेच आलं ना? रविवारी सगळ्यांसमोर परत देणार आहे मी त्याचं त्याला."

"कीर्तनात?"

"कीर्तनातच."

विश्वासनं पुन्हा वादी ओढायला घेतली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, कुठे गप्प बसायचं ते त्याला कळत होतं.

आख्यान तिच्या वडिलांचं होतं. वासुदेवराव नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या चर्चमध्ये, तिकडच्या भाषेत देवळांत, उभं राहून ख्रिस्ती कीर्तन करत. वही त्यांच्या हातची: गद्य निळ्या शाईत, पदं लाल. देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेला कोश खांद्यावर न्यायची आज्ञा असताना लोकांनी तो गाडीवर घातला, त्याला हात लावायची मनाई असताना उज्जानं हात लावला, म्हणून कोप झाला, असं एक मोठं पद होतं. समासात लिहिलं होतं, 'इथे श्रोत्यांस भय वाटले पाहिजे.' शामलानं ते अख्खं पद खोडलं. वडिलांच्या अक्षरावर तिनं सरळ रेघ ओढली, इतका तिला राग आला होता.

रविवारी फोरबर्ग गावातल्या चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये दीड-दीड मीटरवर खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत रमेश. शामला नऊवारी नेसून उभी राहिली. गळ्यात हार पडला, विश्वासनं तबला सुरात लावून घेतला.

"कोश होता कुठे, श्रोतेहो? राजवाड्यात नाही. कुठल्या मंडपात नाही. टेकडीवर अबीनादाबाच्या घरात पडून होता. वीस वर्षं! शौल राजा लढाया करण्यात गर्क, लोक आपापल्या शेतात. देवाची आठवण कुणाला? ज्यांच्या घरात होता त्यांनी सांभाळला. त्या घरातली दोन पोरं त्याच्याशेजारी लहानाची मोठी झाली. उज्जा आणि अह्यो."

मग दावीदाला आठवण झाली. नवी कोरी गाडी आली, बैल आले, तीस हजार निवडक माणसं, डफ, झांजा. शामलानं मिरवणूक अशी रंगवली की मागच्या रांगेतल्या लीलावतीबाई टाळ्यांचा ठेका धरून डोलायला लागल्या.

"खळ्यापाशी बैल अडखळले. कोश कलला. आणि उज्जानं हात पुढे केला."

तिनं स्वतःचा हात पुढे केला आणि तसाच ठेवला. तबला थांबला.

"का केला? तुमच्या घरातलं काही पडायला लागलं तर तुम्ही काय करता? आधी नियम वाचता?"

ती रमेशकडे बघून म्हणाली. रमेशनं मान डोलावली. मुद्दा त्याला फार आवडला होता.

"उज्जा मेला. आणि दावीदाला राग आला, श्रोतेहो! शास्त्रात लिहिलंय. देवानं असं केलं म्हणून राजाला राग आला. वडिलांच्या वहीत ही ओळ नाही, पण शास्त्रात आहे. कोश त्यानं वाटेतच ओबेद-अदोमाच्या घरी ठेवला आणि तीन महिने फिरकला नाही. देवानं त्याला एका शब्दानं विचारलं नाही, की बाबा, तू माझ्यावर का रागावलास. मग राजापेक्षा आणि देवापेक्षा शहाणं कोण आहे इथे?"

आता पुढचं वाक्य. चार दिवस सैपाक करताना, सायकलवर, आंघोळीत तिनं ते घोकलं होतं. त्यात रमेशचं नाव होतं. ते म्हणण्याआधी तिनं आख्यानाचा धागा जोडायला, नुसता सवयीनं, वहीतली एक साधी ओळ घेतली.

"उज्जा गाडीजवळ होता. अह्यो पुढे चालत होता."

आणि ती थांबली.

लहानपणापासून ही ओळ तिला पाठ होती. त्या ओळीवर कधी कुणी पद रचलं नव्हतं.

"अह्यो पुढे चालत होता," ती पुन्हा म्हणाली. आवाज कीर्तनाचा राहिला नव्हता. "भाऊ त्याचा. घर सोडून पुढे निघालेला. मागे काय कललं, कुणी सावरलं, त्याला काय दिसणार? आवाज झाला तेव्हा वळला असेल. वळून काय म्हणाला ते शास्त्रात नाही. मला माहीत आहे. 'अक्कल आहे का तुला? हात कशाला लावलास? नियम कळत नाहीत?' असं म्हणाला. आणि रागानं ठेवून दिला."

"काय ठेवला?" लीलावतीबाईंनी शेजारणीला विचारलं.

"फोन," शामला म्हणाली. "मी ठेवला. पलीकडे माझा भाऊ होता."

विश्वासचे हात तबल्यावर होते. पुढे दावीदाचा नाच होता, द्रुत केरवा. तो तिच्या खुणेची वाट पाहत राहिला. तिनं खूण केली नाही. हार काढून बाजाच्या पेटीवर ठेवला आणि ती पहिल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. कोश ओबेद-अदोमाच्या घरीच राहिला.

शेवटची प्रार्थना सेक्रेटरीची असते. रमेश उठला. त्यानं डोळे मिटले, "हे दयाळू पित्या," म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचेना. सगळे डोळे मिटून ताटकळले. कुणीतरी खोकलं आणि घाईनं कोपरात तोंड लपवलं. रमेशनं डोळे उघडले. झूमवरचं स्वतःचं बोलणं त्याला आठवलं असावं; त्याचा चेहरा पडला होता.

"ताई," तो हळू म्हणाला, "तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

"सतीश," तिनं सांगितलं.

तो तसाच उभा होता. त्याला नीट ऐकू गेलं नसेल असं तिला वाटलं, म्हणून ती उभी राहिली आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पूर्ण नाव सांगितलं.

"सतीश वासुदेव भिंगारदिवे."